देवाजीची रजिस्टर झडती

बेला गावाकडच्या खेड्यांत पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या, की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे टोमणे मारणारं गाणं. म्हणणाऱ्याचं नाव होतं, रचणाऱ्याला कोणी विचारत नाही. देवाजीचं दुखणं नेमकं हेच. झडत्या रचायच्या त्याने, आणि गोठ्याच्या कुडाला कान लावून पाठ करायच्या शेजारच्या नागोरावाने. नागोरावाचा आवाज घंटेसारखा. देवाजीचा, बायको रेणुकाबाईच्या मते, चुलीत घातलेल्या कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीसारखा, नुसता धूर.

सत्त्याऐंशी साली त्याने सुधाकर गुरुजींना उपाय विचारला. गुरुजी म्हणाले, रचणाऱ्याच्या हक्काचा कायदा आहे, पण नोंदणी थेट दिल्लीला. गावापुरता पुरावा हवा तर झडती लिहा, खाली 'सर्व हक्क स्वाधीन' घाला, स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पाकीट फोडू नका. शिक्क्याची तारीख साक्ष देईल.

देवाजीने लगेच पाकीट रजिस्टर केलं. चौथ्या दिवशी पोस्टमनपुढे ऐटीत सही ठोकून स्वतःचंच पाकीट घेतलं. हौसेने हक्काचं ते वाक्य बैलाच्या पाठीवरही रंगवलं. दोघांनी विचारलं, बैल विकायला काढला का म्हणून.

पोळ्याला नागोराव नेहमीसारखा पुढे झाला:

"सडकेची खडी कागदावर पडली,
बैलाच्या खुरात मातीच अडली!"

हशा पिकला. देवाजी पाकीट उंच धरून गर्दीतून आला. सरपंच उद्धवरावांनी शिक्का पाहिला, तारीख मोठ्याने वाचली, पाकीट फोडलं. कागद उलटा केला, सुलटा केला. खाली 'सर्व हक्क स्वाधीन'. वर काहीच नाही.

गुरुजींचा चेहरा उतरला. "देवाजी, झडती कुठाय?"

"घरी हाय, संदुकीत. पोस्टात टाकाले मी का येडा हाव, गुरुजी? रस्त्यात कोनी वाचून घेतली असती तं?"

उद्धवरावांनी निवाडा दिला: संदुकीतल्या झडतीला शिक्का नाही, शिक्क्याच्या कागदाला झडती नाही. कोऱ्या कागदावर मात्र देवाजीचा पूर्ण हक्क.

वर्षभर गाव हसलं. पुढच्या पोळ्याआधी देवाजी गोठ्यात बसला आणि कुडाला तोंड लावून, मुद्दाम खणखणीत, नवी झडती घोकू लागला. कोऱ्या पाकिटाची. पहिल्या ओळीत 'देवाजी', शेवटच्याही ओळीत 'देवाजी'. नाव काढावं तर यमक मोडतं.

नागोरावाने ती घंटेसारख्या आवाजात म्हटली. पार भीमपुरापर्यंत पोचली. तिकीटही लागलं नाही.