आईचं कोपर

“उद्या आईला घेऊन ये,” सर म्हणाले. “येताना कामाच्या लुगड्यातच आण. धुतलेलं नको. जरा मळलेलं असू दे.”

वर्ग हसला. मी पण हसले. आता खोटं कशाला सांगू? हसले.

लेख लिहायला मला कुणी शिकवलेलं नाही. बोलते तशी लिहिते. आता केस पिकले, तरी ते हसू मला अजून सलतंय.

नव्वदच्या पुढची सालं. सांगलीच्या एका कॉलेजात प्रॉडक्ट डिझाईनचा कोर्स नवाच निघालेला. वस्तू कशी असावी, हातात कशी बसावी, ते शिकायचं. आमच्या तासगावच्या वस्तीत सांगितलं की बाया विचारायच्या, “म्हंजी कुंभारकाम व्हय गं?” मी म्हणायची, व्हय, तसंच. वर्गात बाकी सगळी सांगली-साताऱ्याची बंगल्यातली पोरं. बौद्धाची मी एकटी. रोज एस्टीनं ये-जा करणारी पण मी एकटीच. पण मला लय हौस. एक दिवस माझ्या हातची वस्तू दुकानात असेल, तिच्या बुडाला माझं नाव असेल, एवढंच मनात.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक वस्तू करायची होती. कुणी टेबलावरचा दिवा केला, कुणी पेनांचा डबा. मी पाण्याचा मग केला. द्राक्षाचे घड बुडवायचा.

माझी आई द्राक्षबागेत रोजानं जायची. घड पोसायला औषधाचं पाणी द्यावं लागतं. ते मगात घ्यायचं आणि मांडवाला लोंबणारा एकेक घड त्यात बुडवायचा. मांडव डोक्याच्या वर. म्हणजे हात सारखा वर. आणि हात वर असला की सांडलेलं पाणी कुठं जाणार? मनगटावरून कोपरावर, कोपरावरून झंपरात. हंगामभर आईचं कोपर सोललेलं. भाकरी थापताना ती हात अंगापासून लांब धरायची, पाखराच्या मोडक्या पंखासारखा.

मी मगाचं तोंड एका अंगाला कललेलं केलं. काठाच्या बाहेरून पन्हळ काढली आणि तिला आत एक भोक ठेवलं, म्हणजे सांडलेलं पाणी परत मगातच जाईल. चार वेळा साचा मोडला. आई दर वेळी मग बागेत घेऊन जायची आणि परत आणून द्यायची. “अजून उतरतंय गं.” पाचव्या वेळी नुसतं कोपर पुढं केलं. कोरडं.

तो मग सरांनी दोन बोटांत उचलला. मेलेला उंदीर उचलावा तसा.

“वाकडा का झालाय?”

“मांडव वर असतो, सर.”

“बाजारात असली वस्तू चालत नाही.” आणि जरा मायेनं म्हणाले, “तुझा हात चांगला आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण डोक्याचं काम विक्रमला करू दे.”

विक्रम म्हणजे माझ्या वर्गातला बागायतदाराचा मुलगा. आई त्याच्याच बापाच्या बागेत राबायची. पुण्याच्या एका प्लास्टिक कारखान्याचे साहेब प्रदर्शनाला येणार होते आणि वर्गातल्या एकालाच शिकाऊ म्हणून नेणार होते. सर म्हणाले, हा मग विक्रमच्या नावानं मांडू, त्याला घेतलं की साचेकामाला तो तुला नेईल. आणि मी मान हलवली. मारलं न्हवतं कुणी, धमकावलं न्हवतं. आपल्याला दारातून कोण घेणार, मागच्या अंगणातून तरी जाऊ, असं माझं मीच धरून चालले होते.

विक्रमनं तो मग सरळ केला. पन्हळ काढून टाकली. “आता कसा क्लीन दिसतोय,” म्हणाला. जन्मल्यापासून द्राक्षं खात आला होता गडी, पण मांडवाखाली हात वर करून एक घड कधी बुडवला न्हवता त्यानं. आणि त्याच्या सांगण्यावरून तो सरळ मग साच्यात ओतला कुणी? मीच.

प्रदर्शनाच्या दिवशी आई आली. मळलेलं लुगडं नेसूनच आली, पण डोईवरचा पदर तेवढा धुतल्यासारखा नीट घेतला होता. तिला हॉलच्या मधोमध उभी केली. वर दोरीला द्राक्षाचे घड टांगलेले. फोटोत दिसावं म्हणून मगात लाल रंगाचं पाणी. बाजूला पुठ्ठा. ‘संकल्पना’ म्हणून विक्रमचं नाव मोठ्या अक्षरात. त्याखाली बारीक, ‘मॉडेल सहाय्य’ म्हणून माझं. आणि आईसाठी नुसतं ‘वापरकर्ती’. नाव न्हाई, गाव न्हाई.

“मावशी, हात वर,” विक्रम म्हणाला. “अजून वर. घड तोडायचा नाही हां, घरी न्यायला!”

पाहुणे हसले. आईपण हसली. वर्गातलं माझं हसू कुठून आलं होतं ते मला तिथं कळलं.

फोटो झाले. भाषणं झाली. चहा फिरला, तो आईला ओलांडून फिरला. तिचा हात वरच. लाल पाणी मनगटावरून निघालं, कोपरावर आलं, आणि टपटप फरशीवर पडायला लागलं. सर माझ्या कानाशी पुटपुटले, “तिला नीट धरायला सांग. फरशी घाण होतेय.”

आई माझ्याकडं बघून म्हणाली, “ह्यो आपला मग न्हवं गं.”

हळू म्हणाली, पण हॉलमध्ये ऐकू गेलं. “धाकलं मालक, रागावू नगासा. पर ह्यातनं पानी उतरतंय. पोरीनं केल्याला न्यारा हाय.”

मी पुढं झाले. आईच्या हातातला मग घेतला. पाहुण्यांची एक खुर्ची ओढली आणि तिला म्हणाले, “बस.” आणि सरांच्या समोर जाऊन तो मग त्यांच्या हातात दिला.

“आता तुम्ही धरा, सर. एवढी घडांची रांग होईपर्यंत.”

साहेब लोक बघत होते. सरांना नाही म्हणता येईना. हसत हसत त्यांनी हात वर केला. दुसरा घड, तिसरा घड. पांढऱ्या शर्टाची बाही मनगटापासून काखेपर्यंत लाल झाली. कुणी हसलं न्हाई. आई हात वर करून उभी होती तेव्हा हसणारे आता आपापल्या बाह्या सावरत मागं सरले.

आईनं आपल्या पिशवीतून माझा वाकडा मग काढला. रोजचा, औषधाचा डाग पडलेला. पुण्याच्या साहेबांनी तो घेतला, पाणी भरलं, घड बुडवले. हात फिरवून कोपर बघितलं. कोरडं.

“कुणी केला?”

“मी.”

ते बराच वेळ मग फिरवत राहिले. मला वाटलं, आता. आणि ते म्हणाले, “छान. विक्रमबरोबर ये मॉडेल करायला. बघू.”

बघितलंत? सगळं दिसलं त्यांना. कोपर दिसलं, मग दिसला. तरीपण वर तोच, खाली मीच.

“येणार नाही,” मी म्हणाले. पुठ्ठ्यावरची माझ्या नावाची पट्टी फाडली. वाकडा मग उचलला आणि आईला घेऊन निघाले.

विक्रम पुण्याला गेला. प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी आईला बागेच्या फाटकातूनच माघारी लावलं. आणि सरांनी मला खोलीत बोलावून एक कागद पुढं सरकवला. वर त्यांच्या अक्षरात ‘माफीपत्र’ लिहून ठेवलेलं. “खाली सही कर. नाहीतर वर्ष गेलं समज.”

मी त्यांच्याच टेबलावरचं पेन घेतलं. वरचा शब्द खोडला. खाली मग काढला, काठाची पन्हळ, आतलं भोक, वर गेलेला हात, सगळं मापासकट. शिकवलं होतंच की त्यांनी. त्याखाली लिहिलं, ‘संकल्पना’, आणि पुढं माझं पूर्ण नाव. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ‘चार वेळा चूक दाखवणारी सोनाबाई, द्राक्षबागेत रोजानं काम करणारी, राहणार तासगाव.’

“वर्ष घ्या, सर,” मी म्हणाले. “ह्यातलं एक नाव पण खोडून देणार न्हाई.”