साडूंचं आयर्लंड

पनवेल तालुक्यात आयर्लंड देशाचा एकमेव वारस कोणी असेल तर ते माझे साडू, आणि ते आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहतात. साडू म्हणजे काय चीज असते हे ज्याला साडू आहे त्यालाच कळतं. भावाशी उघड भांडता येतं, मेहुण्याला टोमणे मारता येतात, पण साडूकडे बघून नुसतं हसावं लागतं, कारण सासूबाई दोघांकडेही बघत असतात. त्यातून तुमच्या साडूला आयरिश खापरपणजोबा असला तर तुमचं काही खरं नाही. हे खापरपणजोबा, ओ'मारा साहेब, इंग्रजांच्या काळात इकडच्या मिठागरांवर अंमलदार म्हणून आले, उरणकडच्या एका मुलीवर भाळले आणि तिच्याशी लग्न करून इथल्याच मातीत गेले, असं साडू सांगतात. लग्न कुठं झालं, कोणी लावलं, असं मी एकदा खवचटपणे विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "त्या काळी माणसं शब्दावर लग्न करायची." माझेही पूर्वज त्याच मिठागरांवर होते, पण ते मीठ ओढायला. त्यांच्यापैकी कोणावर कोणी भाळल्याचं ऐकिवात नाही.

पुरावा म्हणून साडूंकडे त्यांचा डावा डोळा आहे. तो किंचित घारा आहे. उजवा तुमच्या-आमच्यासारखा काळाभोर, आणि बाकीचा देह आमच्या सगळ्यांच्या रंगाचा, किंबहुना एक छटा पुढेच. पण घरात पाहुणा आला की साडू खुर्ची अशी ओढून बसतात की डावी बाजू पाहुण्याकडे आणि खिडकीचा उजेड डोळ्यावर. लग्नाच्या वेळी आमच्या सासूबाईंनी त्या डोळ्याकडे बघून "जावई कसा साहेबासारखा दिसतो" असं म्हटलं होतं. त्याच मांडवात वर्षभर आधी मी बोहल्यावर उभा होतो. तेव्हा माझ्याबद्दल त्या काय म्हणाल्या ते मला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या होत्या, "नोकरी बँकेत आहे."

सासरी गेलं की हा फरक कपबशीत दिसतो. मला घरातला चहा, आणि साडूंना वेगळ्या पातेल्यात, दुप्पट पावडर घालून, कडू जहर असा 'त्यांच्याकडच्यासारखा' चहा. त्यांना तो आवडत नाही, हे मी शपथेवर सांगतो. घोट घेताना त्यांच्या गळ्याची घाटी कशी वरखाली होते ते मी समोर बसून पाहिलंय. पण ते तो संपवतात, आणि वर सासूबाईंना "अगदी घरच्यासारखा" असं सांगतात. बटाट्याचंही तसंच. तुम्हीआम्ही एकादशीला उपास म्हणून बटाटा खातो, साडू कुळाचार म्हणून खातात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, जिथं ते तीस-पस्तीस वर्षं हिशेबनीस होते, तिथले हमालसुद्धा त्यांच्या डब्यातल्या बटाट्याला हात लावण्याआधी विचारायचे म्हणे.

आता खुद्द पितरांनीच पक्षपात केला तर माणसानं जावं कुठं? पितृपक्षात आम्ही दोघंही गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवतो. माझ्या पानावर वडे, खीर, घारगे, अळूची भाजी, आमच्या हिनं पहाटेपासून राबून केलेलं सगळं. साडूंच्या पानावर उकडलेला बटाटा, त्यावर लोण्याचा गोळा आणि बाजूला झाकणभर व्हिस्की. पहिल्या वर्षी मी हसलो. कावळा आला, माझ्या पानाभोवती एक फेरी मारली आणि सरळ जाऊन बटाट्यावर बसला. तेव्हापासून दर वर्षी तो तेच करतो. गुरुजींना गोत्र काय सांगायचं हा प्रश्न आला तेव्हा गुरुजी म्हणाले, ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. माझंही गोत्र ह्याच न्यायानं काश्यप आहे. तेव्हा साडूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच की." त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बायको-मुलगी सोडली तर साडूंना ह्या पृथ्वीतलावर आपलं म्हणावं असं माणूस नव्हतं. ते एकुलते, त्यांचे वडील एकुलते, आजोबाही एकुलते. चुलता नाही, चुलतभाऊ नाही, भाऊबीजेला बहीण नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेला वंशवृक्ष आहे. तो खापरपणजोबापर्यंत नुसता बांबूसारखा सरळ जातो आणि वर गेल्यावर एकदम वडासारखा फुटतो, कारण तिथून आयर्लंड सुरू होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवरून जगातल्या सापडेल त्या ओ'माराला निरोप पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकानं दिलं. त्याचं नाव डेक्लन, तिकडच्या कुठल्याशा खेड्यातला, निवृत्त बस ड्रायव्हर, लग्न न केलेला. झालं, त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून फोनवर आरडाओरडा सुरू झाला. समुद्रापलीकडे ऐकू जायचं तर मोठ्यानं बोललं पाहिजे अशी साडूंची समजूत आहे. मी खाली बाल्कनीत बसून पेपर वाचायचो आणि डेक्लनच्या गुडघ्याची सगळी प्रकृती मला फुकटात कळायची.

मला भाऊकीची वाण कधीच नव्हती. आम्ही चार भाऊ, तिघं अजून गावी, बेलपाड्याच्या बाजूला. चुलत, मावस, आते धरले तर एक बस भरेल. आणि ती सगळी बस माझ्या मुलीच्या लग्नाला आली नाही. कारण पत्रिका. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर निमंत्रकांची नावं मानानं लागतात, आणि छापखान्यानं जागा जुळवताना थोरल्या दादाचं नाव धाकट्याच्या खाली टाकलं. मी नव्यानं छापायला निघालो होतो, पण तोवर पत्रिका गावात पोचल्या होत्या. दादानं निरोप धाडला, 'आमची जागा कुठं हाय ती कळली.' दादा आला नाही म्हणून बाकीचे दोघं आले नाहीत. लग्नात व्याहीभेट असते, दोन्हीकडचे वडील वडिलांना, मामा मामांना, काका काकांना टोपी-नारळ देऊन गळाभेट घेतात. मुलाचे काका रांगेत टोप्या घेऊन उभे, आणि माइकवरून "मुलीचे काका या" असं तीनदा पुकारलं गेलं. शेवटी माझ्या ऑफिसातल्या दोघांना उभं केलं. त्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर दादा आणि मी एकमेकांशी बोललो नव्हतो.

गेल्या वर्षी साडूंच्या मुलीचं, सईचं लग्न ठरलं, आणि साडूंना एकाच चिंतेनं घेरलं. मुलाला पाच काका. इकडून कोण? सई म्हणाली, बाबा, व्याहीभेट गाळून टाकू. साडू तिच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडले. मग त्यांनी डेक्लनला अक्षता पाठवल्या, हळदकुंकू लावून, पुडीत बांधून, पोस्टानं. डेक्लनचं उत्तर आलं की तांदूळ उत्तम होता, जरा कमी पडला, पण त्यानं दुधात शिजवून खाल्ला. साडूंनी हे सगळ्या इमारतीला अभिमानानं सांगितलं. म्हणाले, अक्षता पोटात गेल्या, आता तो येणारच.

आणि तो खरंच आला. सहा फूट उंच, उकडलेल्या कोळंबीच्या रंगाचा, एका गुडघ्यात लंगडणारा. सासूबाईंनी त्याला ओवाळलं. माझी स्वतःची मुलगी सासरहून आली ती आधी वर जाऊन त्याच्या पाया पडली आणि मग मला भेटली. माझं इंग्रजी साडूंपेक्षा बरं म्हणून मला त्याच्या शेजारी बसवलं होतं. तेव्हा त्यानं मला हळूच सांगितलं की त्याच्या घराण्यातलं कोणी हिंदुस्थानात गेल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि ओ'मारा तिकडे ढीगभर आहेत. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. मी धावत खाली येऊन हिला सांगितलं. ही पुऱ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग एवढ्या लांब आला कशाला?" मी परत वर गेलो आणि त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, दर रविवारी माझ्या गुडघ्याची चौकशी करणारं दुसरं कोणी नाही.

तरीही एक डेक्लन आणि समोर पाच काका, हे गणित सुटत नव्हतं. ते साडूंनी कसं सोडवलं हे मला थेट मांडवात कळलं. माइकवरून "मुलीचे काका" असा पुकारा झाला. फेटा बांधलेला डेक्लन पुढे झाला. त्याच्यामागून कळंबोलीच्या बाजारातले साडूंचे दोन जुने सोबती आले, आणि त्यांच्यामागून माझा धाकटा भाऊ, मधला भाऊ आणि सगळ्यांत शेवटी, पांढरी टोपी घालून, दादा. सगळं मागाहून कळलं. साडू स्वतः तीनदा गावी जाऊन आले होते. अक्षता दिल्या, ओसरीवर बसून दादाकडून आमच्या सात पिढ्यांची नावं ऐकली, कोणत्या मिठागरावर कोण होतं ते विचारलं. ती नावं मला कधी कोणी सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारली नव्हती. पत्रिकेत त्यांनी दादाचं नाव सगळ्यांत वर घातलं होतं. माझ्या हातात पत्रिका पडली तेव्हा मी फक्त स्वतःचं नाव कुठं आहे ते पाहिलं होतं.

माझ्या मुलीच्या वेळी जे आले नाहीत ते माझे सख्खे भाऊ साडूंच्या मुलीचे काका होऊन उभे होते. इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नाही. रडू येईल इतका. तेवढ्यात मुलाकडच्यांनी ओरडून सांगितलं की तुमचे सहा झाले, आमचे पाचच आहेत, एक माणूस कमी पडतो. साडूंनी इकडेतिकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि मला पलीकडच्या रांगेच्या टोकाला नेऊन उभं केलं. "हे उभे राहतील तुमच्याकडून," असं त्यांना सांगून ते निघूनही गेले. ही म्हणते त्यांनी ते मुद्दाम केलं. मी म्हणतो त्यांना एवढी अक्कल नाही. एकेक जोडी भेटत पुढे सरकत होती आणि शेवटी दादा माझ्यासमोर आला. रिवाज मोडता येत नव्हता, समोर कॅमेरा होता, पाचशे माणसं बघत होती. दादानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर टोपी ठेवली, नारळ दिला आणि गळाभेट घेतली. भेट लवकर सुटली नाही. माझ्या कानाशी तो म्हणाला, "लय वाळलास रं. जेवतोस का नाय?"

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला नाही, डेक्लनच्या शेजारी बसला, आणि एकमेकांचं अक्षरही न कळता दोघं तासभर गुडघ्यांविषयी बोलत होते. सगळे नातेवाईक साडूंना म्हणाले, भाऊ भाऊ एकत्र आणलेत, पुण्य लागेल. तेही पुण्य त्यांनाच.

डेक्लन परत गेला. दादा मात्र आता महिन्या-दोन महिन्यांतून पनवेलला येतो. साडूंनी वंशवृक्षाशेजारी दुसरा कागद चिकटवलाय, त्यावर आमच्या घराण्याचं झाड चाललंय, आणि नावं सांगायला दादा लागतो. जिन्यात त्याच्या चपला वाजतात, त्या मला ओळखू येतात. त्या आमच्या दाराशी थांबत नाहीत, सरळ वर जातात. मग वर हसण्याचे आवाज येतात, साडूंचा मोठा, दादाचा बारीक. मी बाल्कनीत बसून ते ऐकतो, माझा जळफळाट होतो, आणि मी हिला सांगतो की चहाचं आधण ठेव, उतरताना तो येईल.