एकाच बैठकीचं ग्लायडर

गावाबाहेरच्या मैदानावर आज दुपारी एक जुनं ग्लायडर पुसायला बाहेर काढलं होतं. शिकाऊ लोकांचं. इंजिन नाही, आडोसा नाही. वर कापडी पंख, खाली उघडी फळी. बसायला जागा एकाचीच.

पुसणाऱ्या मिस्त्रीला मी विचारलं, "मास्तर कुठं बसायचा रे?"

"मास्तर जमिनीवर, बाबा. दोघांचं वजन याला पेलायचं नाही. शिकणारा पहिल्यापासून एकटाच. लोक रबरी दोर ताणून याला गलोलीतल्या खड्यासारखं सोडायचे. आधी गवतावर नुसतं घसरायचं, मग हातभर उडायचं, मग टेकडीवरून. दोघांची ग्लायडरं नंतर आली."

"आणि भ्याला तर?"

"भ्याला की हातातला दांडा पोटाशी ओढायचा. मग नाक वर, वेग खलास, आणि धाडकन खाली! मास्तर बोंबलायचा, पुढं ढकल, गाढवा!"

माझं उलटं झालं. सगळा जन्म दोघांच्यात काढला आणि म्हातारपणी एकट्याला बसवलं. बायकोचं तेरावं झालं, लेक सकाळी सासरी गेली. आजची रात्र घरात मी एकटा. खोटं कशाला बोलू, मला भ्या वाटतं. गवतावर घसरायचीसुद्धा सवय नाही मला.

"बसून बघता?" मिस्त्री म्हणाला.

बसलो. पाय उघड्यावर, शेजारी कुणी नाही. दांडा धरला तो पोटाशीच.

मिस्त्री हसला. "अहो, जमिनीवरच आहे ते! उतरा आता, आत न्यायचंय."

मी हललो नाही. उतरलं की घरी जायचं होतं.