फादरांची सानगडीची प्रार्थना

मिस्टरांना लकवा मारला तेव्हा मी आमच्या फादरांचं लिखाण छपाईसाठी तपासत होते. फादर तरुणपणी केरळातून भंडारा जिल्ह्यात आले आणि इथंच देवाघरी गेले. सायकलने गावोगाव फिरायचे, रोज थोडं लिहायचे, तेही साध्या मराठीत. मी निवृत्त शिक्षिका, म्हणून चर्चने ते काम माझ्याकडे दिलं. खरं सांगायचं तर त्या लिखाणाने माझी निराशाच झाली होती. मला त्यात देवाचं दर्शन हवं होतं. फादर लिहीत होते ते ताप, खोकला, चिखल आणि कुणाच्या घरी काय शिजलं याबद्दल.

आमच्या जवाहरनगरच्या घरून मिस्टरांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही. मुलगी पुण्याहून निघाली होती. मी बाकावर एकटी. हातात जपमाळ होती, पण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ याच्या पुढे शब्द सरकेना. जन्मभर प्रार्थना केली आणि नेमकी त्या दिवशी आतून कोरडी पडले.

शेजारी सानगडीची एक बाई होती, साप चावलेल्या भावाला घेऊन आलेली. तिने न विचारताच डबा उघडला. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण.

“कवापासून बसून राहिल्या. जेवा.”

“इच्छा नाही. प्रार्थनासुद्धा होत नाही,” मी म्हणाले.

“मंग नका करू. आमच्या गावात एक फादर येत होते, सायकलनं. माही माय आजारी होती. माय म्हणे, आम्ही बौद्ध आहो, तुमचा देव मले सांगू नका. फादर म्हणत, नाही सांगत, पेज तं प्या. शेवटपर्यंत पाजली त्याइनं.”

बोलता बोलता तिने डब्याच्या झाकणात वाढून माझ्यापुढे ठेवलं. हा प्रसंग मी नुकताच वाचला होता.

“तुमच्या आईबद्दल फादरांनी लिहून ठेवलंय,” मी म्हणाले.

“काय लिहिलं?”

“सानगडीला आज देवाचं नाव काढायचं नव्हतं. पेज पाजली. आजची प्रार्थना हीच.”

 पदराने डोळे पुसून तिने मला आणखी वरण वाढलं. मी पोटभर जेवले.

मिस्टर वाचले. उजवा हात अजून पुरता उठत नाही. तिचा भाऊही सुखरूप घरी गेला. कुणी याला योगायोग म्हटलं तर मी वाद घालत नाही. त्या दिवशी मला देवाला हाक मारता आली नाही, आणि तो माझ्या हाकेसाठी खोळंबला नाही, एवढंच मी जाणते.