अंगठ्याखालची पट्टी

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा एक नियम होता. काम झालं तरी बंदूक ते लगेच मालकाच्या हवाली करत नसत. नळ्यांत नकली काडतुसं भरत, मालकाला डोळे मिटायला लावत आणि म्हणत, "आता हिला झोपवून दाखवा. चाप ओढला तरी उडता कामा नये." जमलं तर बंदूक घरी, नाहीतर मुक्काम त्यांच्या कपाटात.

दाजी आपल्या वडिलांची जुनी जर्मन बंदूक आणायला निघाले, तेव्हा कुतूहलापोटी मीही गेलो. वर छर्र्यांच्या दोन नळ्या, खाली गोळीची तिसरी. चाप मात्र दोनच.

"तिसऱ्या नळीचा चाप कुठंय?" मी विचारलं.

"पुढचाच दोन्हीकडे राबतो." मिस्त्रींनी बंदूक मधून मोडली, नकली काडतुसं घालून मिटली. वर तीन बारीक पिना उभ्या राहिल्या. "उघडली की आतले तिन्ही घोडे चढतात. पिन वर, म्हणजे घोडा जागा."

दाजींना घाई. "वीस वर्षं हिला घेऊन वडिलांमागे हिंडलोय, मिस्त्री. आणा इकडे."

"हिंडला असाल. डोळे मिटा."

दाजींनी अंगठ्याखालची पट्टी ऐटीत मागे ओढली. "झोपली."

"मग चाप ओढा."

खट्. एक पिन खाली बसली.

"ही सेफ्टी नव्हे," मिस्त्री म्हणाले. "पट्टी पुढे सारली की पुढचा चाप गोळीच्या नळीला लागतो, मागे घेतली की छर्र्याच्या. सेफ्टी इथं." त्यांनी दस्त्याच्या डाव्या अंगाचं बटण दाखवलं.

दाजींनी त्या बटणावर अंगठा ठेवला. "वडील पुढे चालायचे," ते हळूच म्हणाले. "नळी त्यांच्या पाठीशी."

मिस्त्रींनी वर बोट केलं. छताच्या तुळईत अंगठा जाईल एवढं भोक होतं. "हे माझं. कामावरचा दुसरा दिवस. मला कुणी डोळे मिटायला लावले नव्हते."

बंदूक कपाटात गेली. घरी ताईने विचारलं, "हात हलवत आलात?"

"नापास झालो," दाजी म्हणाले. मी त्यांना हे कबूल करताना पहिल्यांदाच ऐकलं.

पुढचे तीन रविवार ते एकटेच गेले. चौथ्या रविवारी बंदूक घरी आली. ताईने हात लावायच्या आत दाजींनी ती मोडली, तिन्ही नळ्यांतून खिडकीतला उजेड पाहिला, मग म्हणाले, "हं, आता घे. पण आधी डोळे मीट."