लग्नवाल्यांचा कप्तान

देशाचा कप्तान बदलला तेव्हा मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. मुलाने येऊन फोनवर बातमी दाखवली. मी म्हणालो, चुकलं. तो म्हणाला, "पप्पा, त्याचं वय झालं आता." चाळिशीच्या आतल्या माणसाचं वय झालं, तर माझं काय व्हायचं बाकी आहे?

माझी शाळा चौथीपर्यंत. क्रिकेट मी रेडिओला कान लावून शिकलो. माझं मत असं आहे की खेळाडू घ्यावा, काढावा, तो निवडणाऱ्यांचा अधिकार. कप्तानाचं तसं नाही. हरलेल्या दिवशी तो सगळ्यांच्या वतीने बोलणी खातो. त्याला काढायचं तर समोर बसून सांगा. दुसरं, एखाद्याने दोन शतकं ठोकली की लोक त्याला कप्तान करायला निघतात. लग्नाच्या बँडमध्ये चांगला कर्णा वाजवणारा बँड चालवू शकेलच असं नाही.

हे मी रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या आवारात चार माणसांत बोललो. ऐकणारे एकमेकांकडे बघत होते. का, ते मला संध्याकाळी कळलं.

आमच्या पापडी गावात सणाला लग्नवाले विरुद्ध बिनलग्नाचे असा सामना होतो. ज्याचं त्या वर्षी लग्न झालं, त्याला हार घालून आमच्या बाजूला आणतात, आणि बिनलग्नाचे मागून "गेला बिचारा" म्हणून ओरडतात. लग्नवाल्यांचा कप्तान मी. मुलगा पाळण्यात होता तेव्हापासून, आता तोही हार घालून आमच्यात आला तरी मीच. गुडघे गेल्यावर मिडऑनला खुर्ची टाकून कप्तानी केली. खुर्चीला चेंडू लागला तर रन नाही, हा नियमही माझाच.

त्या संध्याकाळी मुलगा आणि शेजारचा त्याचा मित्र ओटीवर येऊन बसले. मित्राने सुरुवात केली, "काका, यंदा कप्तानी ह्याला द्यावी असं सगळ्यांचं ठरलंय."

"सगळ्यांचं कुठे ठरलं?"

"ग्रुपवर."

"मी आहे का त्या ग्रुपवर?"

आतून बायको म्हणाली, "समोर बसून सांगतायत ना? सकाळी तुम्हीच गावाला तेच शिकवत होता."

मला राग आला होता, तो लपवत नाही. कप्तानी माझ्या घरातच राहत होती, तरी ती जात होती. मी मुलाला विचारलं, "कप्तान झालास तर मला कुठे उभा करशील?"

त्याने मित्राकडे पाहिलं नाही, आईकडेही नाही. म्हणाला, "पप्पा, तुम्ही संघात नाही. खुर्चीशेजारून चौकार जातात."

मित्राने मान खाली घातली. मला मात्र तिथेच पटलं. ज्याला घरच्यांना तोंडावर नाही म्हणता येत नसेल, त्याने निवड करू नये. मी म्हणालो, "घे."

सामन्याच्या दिवशी मी सीमेबाहेर, आंब्याखाली बसलो. त्याने चांगला चालणारा बॉलर मध्येच थांबवला, आणि मी जीभ आवरून बसलो. आम्ही हरलो. लगेच एकजण जवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, तुम्ही असतात तर. पुढच्या वर्षी परत तुम्हीच या."

मी त्याला सांगितलं, एका सामन्यावर कप्तान बदलणाऱ्यांत मी नाही. पुढच्या वर्षीही तोच. हे मी मुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

रात्री जेवताना मी त्याला विचारलं, तो बॉलर का थांबवलास. म्हणाला, शेवटासाठी ठेवला होता. मी म्हणालो, शेवट तुला मिळालाच कुठे? तो म्हणाला, कॅच सुटला नसता तर मिळाला असता. ताटातलं मटणासारखं तिखट सोरपोतेल निवलं, बायको उठून गेली, आमचं चालूच होतं. त्याचं चुकलं, असं मी आजही म्हणतो. त्याला ते मान्य नाही. कप्तानाला मान्य नसलं तरी चालतं.