नावं ठेवलेली फरशी

वर्ध्याच्या फरशीवाल्याने मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवील असा माणूस अजून सेलूत दुकान टाकून बसलेला नाही. त्याने मला एका दगडात फसवलं, आणि तो दगड आजही त्याच्या घरापुढे आहे.

सेलूत माझं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान. सुरुवात केली ती सायकलच्या कॅरिअरवर ढेपेचं एक पोतं बांधून. नव्वदच्या दशकात दुकान उभं राहिलं, त्यानंतर काही वर्षांनी घर. पण अंगण मातीचंच राहिलं. पावसाळ्यात आमची काळी माती चपलेला धरून थेट देवघरापर्यंत यायची. बायकोने ठरवून टाकलं होतं, अंगणात पोर्सिलीनची फरशीच घालायची. तिने नागपूरला बहिणीकडे ती पाहिली होती. मी म्हटलं, आधी माल पाहू, आणि दोघं वर्ध्याला गेलो.

फरशीवाला माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्याने कपातला चहा सरळ पोर्सिलीनच्या फरशीवर ओतला आणि फडक्याने पुसून टाकला.

"पाहा वहिनी, हळद सांडा, तेल सांडा. काईच पीत नाई हे."

"घेऊन टाका ना," बायको मला म्हणाली.

मी घेतलीही असती. पण ढेप विकणारा माणूस वरचा तुकडा पाहून माल घेत नाही, मधलं पोतं उघडून पाहतो. मी सहा पेट्या उघडायला लावल्या आणि प्रत्येकीतली एक फरशी जमिनीवर मांडली. दगडासारखा रंग, दगडासारख्या शिरा, एका कोपऱ्यात ढगासारखा करडा डाग. तोच ढग दुसरीवर. तोच तिसरीवर. सहाही जणींच्या त्याच कोपऱ्यात तोच ढग.

"हे काय?"

"छपाई हाय भाऊ. दगडाचा फोटो समजा."

"मंग ज्याचा फोटो काढला, तो दगड दाखवा."

तो हसला आणि आम्हाला मागच्या आवारात घेऊन गेला. तिथे भिंतीला टेकून राजस्थानातून आलेल्या वालुकाश्माच्या फरश्या उभ्या होत्या. धुळीने माखलेल्या, मातकट. मला काही विशेष वाटलं नाही. एक आडवी पडली होती. निदान रंग तरी कळावा म्हणून बाजूच्या बादलीतलं पाणी मी तिच्यावर ओतलं.

मे महिना होता. दगडाने ते पाणी वाहू दिलं नाही, पिऊन टाकलं. पिताना बारीक सुरसुर ऐकू आली. मग रंग वर आला, आधी गेरूसारखा, त्याच्या कडेने जांभळट. आणि त्या रंगातून लाटा वर आल्या. बोटाबोटाच्या अंतराने, एकीमागे एक, कुठे दोघी मिळून एक झालेल्या, पुढे पुन्हा सुटलेल्या.

या लाटा मी ओळखत होतो. माझे वडील बोर नदीतली रेती बैलबंडीने वाहायचे. घोटाभर पाण्याखाली रेती अशीच बसलेली असते. पाय पडला की मोडते, पाय उचलून मागे पाहावं तर पाण्याने तीच नक्षी पुन्हा घालायला घेतलेली असते. मी चपला काढल्या आणि त्या फरशीवर उभा राहिलो. तळव्यांना नदी लागत होती, पण मोडत नव्हती.

"रेतीचाच दगड हाय हा," फरशीवाला म्हणाला. "कोन्या काळी तिथं पाणी असन. पाणी गेलं, रेती दबून दबून दगड झाली."

"किती वर्षं झाली असतील?"

"ते आपल्याले मोजताच नाई येत भाऊ."

दुकानदाराचं सांगणं मी घासाघीस न करता ऐकून घेतलं, ते आयुष्यात त्या एकदाच. कधीतरी, कुठेतरी, उथळ पाण्यावरून थोडा वारा गेला असेल. पाहायला माणूस नव्हता, गाव नव्हतं, बाजार नव्हता. त्या पाण्याचं ते एवढंसं हलणं तसंच्या तसं माझ्या पायाखाली होतं. बायको खाली बसून लाटांवरून बोट फिरवत होती. पोर्सिलीनचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.

मनात ठरलं. अंगणभर हाच दगड, आणि ही फरशी दारासमोर.

मग मी तोंड उघडलं. जो माल हवा त्यालाच नावं ठेवायची, ही आमच्या धंद्याची रीत. मी म्हटलं, "ही तर वाकडीतिकडी फरशी हाय. पाणी साचन, शेवाळ धरन, म्हातारं मानूस अडखळून पडन."

"आत्ता तर डोळे फाडून पाहून राह्यले होते!"

"पाहिलं म्हणूनच तर खराबी दिसली."

अर्ध्या तासाने त्याने सगळ्या मालाचा भाव खाली आणला. सौदा पक्का करायचा म्हणून मी निघताना आणखी एक ठोका दिला, "अन् असा खराब माल माझ्या गाडीत टाकू नका."

"नाई टाकत," तो म्हणाला.

माल आला त्या दिवशी मी ढेपेच्या सौद्यासाठी तळेगावला होतो. संध्याकाळी घरी येऊन एकेका फरशीवर पाणी ओतलं. प्रत्येकीतून वेगळा रंग वर आला, एकही दुसरीसारखी नव्हती. पण लाटा कुठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात. "माझी लाटांची फरशी कुठाय?"

"तुमीच म्हनलं भाऊ, खराब माल टाकू नका. म्या तुमचा शबद पाळला."

मी असा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबली. तो म्हणाला, घरी लावली, आईले लय आवडली. मी त्याच्या घरी जाऊन पाहिली. नुकताच सडा टाकलेला होता आणि उन्हात सगळ्या लाटा जाग्या झाल्या होत्या. क्षणभर मी भांडायला आलोय हेच विसरलो. मग म्हटलं, "सांग किंमत. भाव करत नाई."

"जिचा भाव तुमीच पाडला, तिची किंमत म्या कशी सांगू?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "पोर्सिलीनची घेतली असती तर एक गेली तरी तशीच दुसरी भेटली असती. ही एकच होती, ती तुमी तुमच्या तोंडानं घालवली."

दगड निवडला याचा पस्तावा मला नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारलं की आमचं अंगण अजून ते पिऊन घेतं, आणि गार होतं. पण ‘म्या शबद पाळला’ असं तो अजून चार लोकांत सांगतो, ते मला सहन होत नाही. त्या आवारात शंभरेक फरश्या होत्या. नव्व्याण्णवांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. अर्धा तास नावं ठेवली ती एकीलाच. जन्मभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला याचा अर्थ कळला नाही? कळला होता की नव्हता, एवढं त्याने माझ्या तोंडावर सांगावं.